एका भाडेकरूची दुसरी गोष्ट

आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळी सुविचार येतात, दुपारी कुणाच्या तरी बारशाचे फोटो येतात आणि रात्री साडेनऊनंतर भांडणं होतात. इथं, दक्षिण कोरियातल्या सुवॉनमध्ये, तेव्हा एक वाजलेला असतो. शहाण्या माणसानं तेव्हा झोपावं. मी उशाशी मोबाईल घेऊन वाचत पडतो.

गेल्या महिन्यातलं भांडण पुतणीनं लावलं. तिनं एका कोरियन मालिकेचं पोस्टर टाकलं आणि खाली लिहिलं, 'काका कधीपासून मागं लागलाय बघ बघ म्हणून. चौथ्या भागात मला झोप लागली.' त्यावर पुण्याच्या आत्तेभावानं ठोकून दिलं, 'कोरियन मालिका म्हणजे रिकामटेकड्या पोरींचे चोचले. आणि ही तर आपल्या "एका लग्नाची दुसरी गोष्ट"ची कॉपी. आपल्याकडे हे २०१२लाच होऊन गेलंय.' खाली तीन अंगठे, एक हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा आणि मावशींचे जोडलेले हात. ते जोडलेले हात मावशी सगळ्यालाच टाकतात.

तेव्हापासून मी मनातल्या मनात त्याला उत्तर देतोय. मेट्रोच्या सुइन-बुंदांग लाईनमध्ये उभ्याउभ्या, कँटीनच्या रांगेत, कचरा वेगळा करताना. ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही, कारण तिथं काही लिहिलं की विषय 'तू कधी येतोयस' आणि 'स्थळ बघायचं का' या दोन थांब्यांवर जाऊन थांबतो. म्हणून इथं लिहितो.

मालिकेचं नाव 'इबॉन सेंगउन छॉउमीरा'. इंग्रजीत तिला 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' म्हणतात. मराठीत म्हणायचं तर 'या जन्मी पहिलीच वेळ आहे ना, म्हणून'. वाक्य अर्धंच सोडलेलं आहे आणि कोरियनमध्येही ते तसंच लोंबकळतं. टीव्हीएन वाहिनीवर २०१७च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोमवार-मंगळवारी लागायची, एकूण सोळा भाग. लेखिका युन नान-जुंग, दिग्दर्शक पार्क जून-ह्वा. त्याच दिग्दर्शकाची पुढच्या वर्षीची सेक्रेटरी किमवाली मालिका आमच्या पुतणीच्या अख्ख्या होस्टेलला पाठ आहे, ही मात्र कुणाला माहीत नाही. टीआरपी पाच टक्क्यांच्या आसपास कसाबसा पोचला. याच वाहिनीवरच्या 'क्रॅश लँडिंग ऑन यू'चा शेवटचा भाग २१ टक्क्यांच्या पुढं गेला होता. तिच्यात सैनिक आहे, सीमा आहे, पॅराग्लायडिंग आहे. माझ्या मालिकेत गृहकर्ज आहे.

नाम से-ही नावाचा एक अडतीस वर्षांचा आयटीवाला. सोलमध्ये त्यानं घर घेतलंय, म्हणजे बँकेनं घेतलंय आणि हा त्यात राहतो. कर्ज म्हातारपणापर्यंत फिटणार नाही. इथं अशा माणसाला 'हाऊसपुअर' म्हणतात. हप्त्याला हातभार म्हणून एक खोली भाड्यानं द्यायची, पण भाडेकरू मांजराला नीट बघणारा आणि कचरा नीट वेगळा करणारा हवा. हा त्यांना गुण देतो, अक्षरशः. दुसरीकडे युन जी-हो, वय तीस, टीव्ही मालिकांच्या एका लेखिकेची सहायक. धाकट्या भावासोबत राहायची. एके दिवशी घरी येते तर भावाचं लग्न ठरलेलं, बायको गरोदर, आणि घर अर्थातच भावाला. दोघांची नावं अशी की मुलगा का मुलगी ते कळत नाही, त्यामुळं एकाच घरात मालक आणि भाडेकरू म्हणून राहू लागले तरी समोरचा कोण हे दोघांनाही ठाऊक नसतं. वेळा वेगळ्या, गाठ पडत नाही. कळतं तेव्हा पंचाईत. मग से-ही हिशेब मांडतो: लग्न करूया. तुला खोली, मला भाडं आणि कचरा.

इथं आत्तेभावाचा मुद्दा येतो आणि तो अगदीच चूक नाही. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मध्येही घना आणि राधा खोटं लग्न करतात. घनाला अमेरिकेला जायचंय, राधाला लग्नच करायचं नाही, घरच्यांच्या आग्रहावर तोडगा म्हणून दोघं लग्न करतात आणि पुढं व्हायचं ते होतं. त्या वर्षी मी पुण्यात चौघांत एक फ्लॅट घेऊन राहत होतो. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी पडद्यावर आले की चौघंही गप्प बसायचो. शीर्षकगीत लागलं की एक जण भांडी घासायची सोडून यायचा. तेव्हा मालिका आपली नाही, भारी नाही असं मी म्हणत नाहीये. म्हणेन कसा, माझ्याइतकी कुणी बघितली नसेल.

पण घना-राधाच्या गोष्टीत एकदा तरी कुणी विचारलं का, की हे घर कुणाचं? भाडं किती? घनाचं, म्हणजे काळ्यांचं, घर माणसांनी भरलेलं. आजी, काका, काकू, आत्या येतायत-जातायत, चहा होतोय, पंगत बसतेय. लग्न खोटं आहे हे कुणाच्या लक्षात येऊ नये एवढीच काळजी. छप्पर गृहीत आहे. कोरियन मालिकेत सगळं उलट्या टोकापासून सुरू होतं. प्रेम असेल-नसेल, डोक्यावर छप्पर नाही, आणि ज्याच्याकडे छप्पर आहे त्याला ते परवडत नाही. ही कॉपी असेल तर ती वरणभाताची बिर्याणी कॉपी आहे म्हटल्यासारखं झालं. तांदूळ दोन्हीकडे आहे.

आणि छपराबद्दल माझ्या आत्तेभावानं बोलावं हे विशेष. त्याचा पुण्यात दुसरा फ्लॅट आहे, गुंतवणूक म्हणून घेतलेला. तो भाड्यानं देताना त्याच्या जाहिरातीत पहिली ओळ असते, 'ओन्ली फॅमिली'. एकटी मुलगी नको, एकटा मुलगा तर नकोच, नॉनव्हेज नको, आणि आडनाव आधी सांगा. म्हणजे जी-हो उद्या पुण्यात आली तर तिला खोटं लग्न करूनच याच्या फ्लॅटमध्ये शिरता येईल. हा मुद्दा मला मंगळवारी येओंगथोंग स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर सुचला आणि मी एकटाच हसलो.

सुवॉनमध्ये मला आजवर कुणी आडनाव विचारलं नाही. मी काय शिजवतो, कुणाला घरी आणतो, कुणाला काही पडलेली नाही. हे मी घरी फोनवर पुष्कळदा सांगितलंय, जरा तोऱ्यातच. जे सांगितलं नाही ते असं की पहिल्या वर्षी तीन बुदोंगसानवाल्यांनी, म्हणजे घरांच्या दलालांनी, माझा चेहरा बघून दारातच हात हलवला होता. 'वेगुगिन आन द्वेयो.' परदेशी चालत नाही. चौथा दयाळू निघाला, त्यानं अर्धतळघर दाखवलं. खिडकीतून लोकांचे बूट दिसायचे. तेव्हा आईला मी वरच्या मजल्यावरच्या एका मित्राच्या खोलीचे फोटो पाठवले होते. आईनं विचारलं होतं, 'ऊन येतंय का रे?' मी म्हटलं, 'भरपूर.'

इथं घर भाड्यानं घ्यायचे मुख्य दोन रस्ते. वोल्से म्हणजे थोडं डिपॉझिट आणि महिन्याचं भाडं. जोन्से म्हणजे घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम मालकाकडे दोन वर्षं ठेवायची, महिन्याला भाडं काही नाही, निघताना सगळी परत. मुंबईत हेवी डिपॉझिट म्हणतात ते. मालक ते पैसे दुसरीकडे गुंतवतो. परत देताना त्याच्याकडे नसले तर? २०२२-२३मध्ये हजारो भाडेकरूंच्या बाबतीत हेच झालं. बहुतेक तिशीच्या आतबाहेरची पोरं, कर्ज काढून भरलेली रक्कम बुडालेली, काहींनी जीव दिला. सरकारनं २०२३च्या मे महिन्यात खास कायदा केला. माझ्या शेजारच्या खोलीतल्या नर्सचे पैसे तेव्हा अडकले. तिचा मालक फोन उचलायचा बंद झाला आणि ती रात्रपाळीवरून येऊन पाल्ली-पाल्ली, म्हणजे घाईघाईनं, लॅपटॉप उघडून कोर्टाचे अर्ज भरायची. २०१७ची ती मालिका मी तेव्हा दुसऱ्यांदा बघितली. पहिल्यांदा बघताना मला प्रेमकथा दिसली होती.

आत्तेभाऊ मला दर सहा महिन्यांनी कोरियाच्या जन्मदराचा आकडा पाठवतो. २०२३मध्ये ०.७२, म्हणजे एका बाईमागं सरासरी एक मूलही नाही. सोबत त्याचा शेरा, 'मालिका बघून बघून हे झालं.' इथं २०११पासून एक शब्द आहे, 'साम्पो'. तीन गोष्टी सोडून दिलेली पिढी: प्रेम, लग्न, मूल. घर परवडत नाही म्हणून लग्न नाही, लग्न नाही म्हणून मूल नाही, नोकरीचे तास असे की हे सगळं असतं तरी घरी कोण होतं. मालिका बघून कुणी काही सोडलं नाही, सोडलं त्याची मालिका झाली. जी-होची मैत्रीण हो-रांग सात वर्षं एका मुलासोबत गच्चीवरच्या खोलीत राहते. तो स्टार्टअपवाला, खिसा रिकामा. तिला गुलाबी सोफा हवा असतो. सोफ्याचा विषय इतका वाढतो की प्रकरण तुटण्यापर्यंत जातं, कारण सोफ्याला दिवाणखाना लागतो, दिवाणखान्याला घर लागतं आणि घराला लग्न लागतं. तिसरी मैत्रीण सू-जी, कंपनीत पुरुषांचे घाणेरडे विनोद हसून गिळणारी, घरी येऊन भिंतीकडे बघत बसणारी. आणि स्वतः जी-होवर सोबतच काम करणारा एक जण हात टाकायला जातो. वरिष्ठ म्हणतात, जाऊ दे ना, दारू प्यायला होता. ती रात्री एका बोगद्यातून एकटी चालत निघते. विनोदी प्रेमकथा म्हणून जाहिरात केलेल्या मालिकेत हे पहिल्या दोन भागांत आहे. पोरींचे चोचले म्हणे.

पुतणीचं दुःख वेगळं आहे. तिला कोरियन पुरुष हवेत. म्हणजे पडद्यावरचे. छत्री धरणारे, बुटाची नाडी बांधणारे. 'काका, ते किती रिस्पेक्टफुल असतात रे.' तिला मी सांगतो, माझ्या कंपनीत ये आणि रात्री साडेअकराला ह्वेशिकमध्ये, म्हणजे ऑफिसच्या खाण्यापिण्याच्या बैठकीत, त्यांना बघ. से-ही मात्र तिला 'रोबो' वाटला. ली मिन-गी हा नट सोळा भाग चेहऱ्यावरची एक रेघ हलू देत नाही, हे खरं आहे. मजा तिथंच आहे आणि ती पुतणीला कळणार कशी, सबटायटल वाचून? तिथं सगळी भाषाच सपाट होते. मालिकेत से-ही आणि जी-हो एकमेकांना अहो-जाहो करतात. लग्नानंतर, भांडताना, जवळ आल्यावरसुद्धा. तो घरमालक आहे आणि ती भाडेकरू, म्हणून ते सुरू होतं आणि नंतर सुटत नाही. आपल्याकडे अहो एका बाजूनं जायचं आणि दुसऱ्या बाजूनं अगं यायचं. इथं दोन्ही बाजूंनी अहो आहे, आणि त्या दोन अहोंच्या मधल्या जागेत जे काही चाललंय ते बघत राहावंसं वाटतं. जी-हो झालेली जंग सो-मिन 'नाम से-ही स्सी' (स्सी म्हणजे जवळपास आपलं 'जी') असं पूर्ण नाव घेऊन हाक मारते, तेव्हा प्रत्येक वेळी अर्थ थोडा सरकलेला असतो. मराठीत डब करायला कुणी घेतली तर पहिल्याच भागात अरे-तुरे करून टाकतील. बघा तुम्ही.

दोष नाहीत असं नाही. से-हीची जुनी प्रेयसी नेमकी जी-होला लेखिका म्हणून बोलावणाऱ्या निर्मिती कंपनीचीच मालकीण निघते, हा योगायोग आपल्या साडेआठच्या मालिकांनाही लाजवेल. शेवटचे दोन भाग ताणलेत. ते आत्तेभावाला सांगणार नाही.

त्या घरातल्या मांजराला आधी नाव नसतं. से-ही तिला नुसतं मांजर म्हणतो. जी-हो तिचं नाव उरी ठेवते. आपल्या कानाला उरी म्हटलं की काश्मीरच आठवतं, पण कोरियनमध्ये उरी म्हणजे आपण, किंवा आम्ही. इथं माणूस एकटा राहत असला तरी 'उरी जिप' म्हणतो, आमचं घर. एकुलता एक मुलगाही 'उरी ओम्मा' म्हणतो, आमची आई. आपल्या भाषेत आपण वेगळं आणि आम्ही वेगळं. 'आपण जेवूया' म्हटलं की समोरचा धरलेला, 'आम्ही जेवतो' म्हटलं की तो बाहेर. 'उरी'त हा भेदच नाही, कोण आत आणि कोण बाहेर ते ज्यानं त्यानं ओळखायचं. नऊ वर्षांनंतरही मला ते प्रत्येक वेळी जमत नाही. मीटिंगमध्ये कुणी 'उरी' म्हणालं की मी आत आहे का नाही याचा अंदाज घेत बसतो.

मागं आईशी बोलताना मी म्हणालो, 'आमच्याकडे आता थंडी सुरू झाली.' आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'आमच्याकडे म्हणजे कुठं?' तिला खरंच कळलं नव्हतं. कऱ्हाडात त्या दिवशी तेहतीस डिग्री होतं.

मला ही मालिका सगळ्यात जास्त का आवडते ते सांगायचं तर जेसाचा भाग सांगायला हवा. से-हीच्या घरी पितरांचं जेवण असतं. सासू सुनेला बोलावते. करारात हे नाही, जी-होला नाही म्हणता आलं असतं. पण ती जाते आणि गेल्यावर पदर खोचतेच, सुना जसं करतात तसं. दिवसभर तळण, भांडी, ताटं. से-हीला कळतं तेव्हा तो रागावतो, आणि राग आईवर नाही की बायकोवर नाही, हिशेबावर आहे: तुझी मजुरी माझ्या घरात फुकट गेली, ती फेडली पाहिजे. मग हा माणूस तिच्या माहेरी जातो. नामहे, पार दक्षिणेच्या टोकाला. तिथं किमजांग, म्हणजे हिवाळ्यासाठी कोबीची किमची घालायचं सगळ्यांनी मिळून करायचं काम, असतं आणि हा दिवसभर बसून किमची करतो. सुनेची मजुरी जावयानं फेडायची, कोबीच्या हिशेबानं. प्रेमाचं एक वाक्य नाही. मला विचाराल तर अख्ख्या कोरियन टीव्हीवर एवढं प्रेमळ मी दुसरं काही बघितलेलं नाही, आणि पुतणी म्हणते हाफ टाइमपर्यंत काहीच होत नाही.

घनानं राधाच्या माहेरी जाऊन कधी पोळ्या लाटल्या का? हे मी आत्तेभावाला विचारणार होतो. खरं तर यावरच लेख संपवायचा होता. माझ्याकडे पुरावाही होता, कारण गेल्या नोव्हेंबरात मी स्वतः किमजांगला गेलो होतो. आमच्या टीममधल्या एका ग्वाजांगच्या, म्हणजे मॅनेजरच्या, आईकडे, येसानला. ऐंशी कोबी. (बेचू हा शब्द वापरा, 'चायनीज कोबी' म्हटलंत तर जेवायला मिळणार नाही.) मी सकाळी नऊला पोचलो तेव्हा अंगणात निळी ताडपत्री पसरलेली, जाळीच्या टोपल्यांत अर्धे कापलेले कोबी पालथे घालून ठेवलेले, त्यांचं पाणी टपटपत होतं. मधोमध लाल परात म्हणू नये एवढी मोठी परात. मुळ्याचा कीस, लाल तिखट, खारवलेली बारकी कोळंबी, लसूण, आलं, तांदळाची खळ. ओमोनिमनी, म्हणजे त्या आईंनी, मला गुलाबी रबरी हातमोजे दिले, बुडाखाली घ्यायला चकती दिली आणि दाखवलं: बाहेरच्या पानापासून सुरू करायचं, प्रत्येक पान उचलून देठाशी मसाला चोळायचा, टोकाला कमी. शेवटी सगळ्यात बाहेरच्या पानात कोबी गुंडाळायचा, बाळ दुपट्यात गुंडाळतात तसा. पहिला कोबी करून दाखवला तेव्हा त्यांनी तो उघडून पाहिला, दोन पानं परत चोळली आणि काही न बोलता डब्यात ठेवला. दहाव्या कोबीनंतर उघडून बघायचं बंद केलं. दुपारी उकडलेलं डुकराचं मटण, ताजी किमची आणि माकगॉली, म्हणजे तांदळाची दारू. पाठ मोडली होती. त्या म्हणाल्या, 'उरी इन्दो आदुल.' आमचा भारतातला मुलगा. त्या उरीत मी आत होतो, याबद्दल मला काही शंका आली नाही.

फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. गुलाबी हातमोजे, गालाला तिखट लागलेलं, मागं टोपल्या. खाली लिहिलं, 'इथं पुरुष पण सगळं करतात.' अंगठे आले. मावशींचे हात आले. आणि तासाभरानं वहिनीचा मेसेज आला: 'छान. भावजी, गौरी जेवायच्या दिवशी पुरणाला मात्र तुम्ही कधी हात लावला नाही.' सोबत हसरा चेहरा होता. बघायला गेलं तर थट्टाच होती.

वहिनी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती मला तुम्ही म्हणते, मी तिला तू म्हणतो. इथं नवऱ्याच्या अविवाहित धाकट्या भावाला बाईनं 'दोर्योननिम' म्हणायचं, म्हणजे जवळपास 'धाकटे सरकार', आणि बायकोच्या धाकट्या भावाला पुरुषानं साधं 'छॉनाम' म्हणायचं. यावर कोरियात बरीच वर्षं वाद चालू आहे, हा शब्द बदला म्हणून बायकांनी सह्यांच्या मोहिमा केल्या. मी हे इंडियन असोसिएशनच्या दिवाळीत फार रंगवून सांगितलं होतं, बघा किती मागासलेले. सांगताना मी दोर्योननिम आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सोळा वर्षं वहिनी आमच्या घरात आहे. सोळा वर्षांत गौरी सोळा वेळा जेवल्या. त्यातल्या सात वेळा मी तिथं होतो, नऊ वेळा इथं. तिथं असताना मी काय करत होतो ते आठवून बघितलं. मखर बांधत होतो, लाईटच्या माळा लावत होतो, पाहुण्यांना पत्ता समजावून सांगत होतो. स्वयंपाकघरातून हाक आली की ताटं उचलायला जायचो. पुरण शिजताना, वाटलं जाताना, कणीक तिंबताना मी बघितलेलं नाही. पोळी ताटात पडताना बघितली आहे. सोळा भाज्यांची नावंही मला आईला फोन करून विचारावी लागतील. त्याऐवजी ऐंशी कोबींचा हिशेब मला तोंडपाठ आहे.

घना शेवटी घरच्यांत रमला. मी गेलो. ज्या घराचं भाडं मी कधी भरलं नाही त्या घरात माझी खोली अजून आहे. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर माझं नाव भावाच्या खाली आहे. खोलीत आता पुतणीचं अभ्यासाचं टेबल, वहिनीचं शिलाई मशीन आणि पापडाचे डबे असतात. मी जायचा असलो की आठ दिवस आधी सगळं हलवतात आणि मी निघालो की परत आणून ठेवतात. गेल्या खेपेला एक डबा पलंगाखाली राहिला होता. रात्री पाय लागला, तेव्हा कळलं. इकडे माझं डिपॉझिट पन्नास लाख वॉन, भाडं साडेपाच लाख, दर महिन्याच्या पंचवीस तारखेला. माझं म्हणावं असं घर हेच, कारण याचे पैसे मी देतो, असं मी स्वतःला सांगत आलोय. से-हीही तेच सांगत असतो, आणि त्याला ते किती महागात पडतं ते तेराव्या-चौदाव्या भागात दिसतं.

ग्रुपवरच्या त्या भांडणाला मी उत्तर दिलं नाही. विषय पुढं सरकला, आता कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन चाललंय. पण परवा वहिनीचा मेसेज आला, ग्रुपवर नव्हे, मला एकट्याला. पुतणीच्या अकाउंटवरून ती मालिका बघतेय. दुपारी सगळं आवरल्यावर, मोबाईल मिक्सरला टेकवून. अकरा भाग झाले. आवडली का विचारलं तर म्हणाली, 'नवरा बरा आहे. बोलत नाही ते बरंय.' जी-होच्या वडिलांचा तिला भयंकर राग आलाय, 'आमच्या अण्णांसारखा आहे' म्हणाली. अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांच्याबद्दल सोळा वर्षांत हे पहिलंच वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं.

मग तिनं विचारलं, 'भावजी, एक सांगा. तो जाऊन मसाला लावतो ते ठीक आहे. पण एवढ्या कोबीला आदल्या रात्री मीठ लावून कुणी ठेवलं? ते धुवून निथळत कुणी घातलं? तुमच्या फोटोत पण मागं टोपल्या भरलेल्या होत्या.'

मी येसानचा फोटो काढून मोठा करून बघितला. टोपल्यांच्या मागं, पायरीवर, ओमोनिम बसलेल्या आहेत. हातमोजे काढून गुडघ्यावर ठेवलेत. फोटोत डोळे मिटलेले आहेत, तेव्हा मला वाटलं होतं की उन्हामुळं.